नाडी मोजून मगच गोळी

नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एक नियम पक्का करून घ्यावा लागतो. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्याआधी रुग्णाच्या हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे. प्रौढ माणसाचे ठोके मिनिटाला साठाच्या खाली आले असतील, तर गोळी द्यायची नाही. डॉक्टरांना कळवायचे आणि तशी नोंद करायची. लहान बाळासाठी ही मर्यादा बरीच वरची असते, कारण बाळाचे हृदय मुळातच जलद चालते.

रुग्णालयात रोज शेकडो औषधे दिली जातात. ती देण्याआधी प्रत्येक वेळी कोणी असे घड्याळ लावून बसत नाही. मग याच औषधासाठी हा खटाटोप का? आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी रोखून धरण्याचा अधिकार परिचारिकेला कोणी दिला? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, की आपण सव्वादोनशेहून अधिक वर्षे मागे, इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या काढ्यापाशी जाऊन पोहोचतो.

म्हातारीचा काढा

विल्यम विदरिंग हा इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात १७४१ साली जन्मलेला डॉक्टर. वैद्यकाइतकीच त्याला वनस्पतिशास्त्राची गोडी होती. १७७५ साली एका घरगुती औषधाबद्दल त्याचे मत विचारण्यात आले. अंगात पाणी साठून सूज येण्याच्या विकारावर श्रॉपशरमधली एक म्हातारी काढा देत असे. नामवंत वैद्यांनी हात टेकलेले काही रोगी त्या काढ्याने बरे होत. काढ्यात वीसहून अधिक वनस्पती होत्या. तो घेतला की जोरदार उलट्या आणि जुलाब होत, आणि लघवीवाटे पाणी निघून सूज उतरे.

वनस्पतींची ओळख असल्याने विदरिंगला त्या यादीतली कामाची वनस्पती हेरायला फारसा वेळ लागला नाही. ती होती फॉक्सग्लव्ह, म्हणजेच डिजिटॅलिस. शिंप्याच्या अंगुस्तानासारखी जांभळी फुले येणारे हे झुडूप युरोपात रानोमाळ उगवते. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ साली त्याला डिजिटॅलिस हे नाव दिले. ते लॅटिनमधल्या 'बोट' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे.

या म्हातारीचे नाव 'मदर हटन' होते असे काही पुस्तकांत वाचायला मिळते. विदरिंगने मात्र कुठेही तिचे नाव दिलेले नाही. १९२८ साली एका अमेरिकन औषध कंपनीच्या जाहिरातीत हे नाव आले आणि पुढे इतिहास म्हणून पसरले. विज्ञानाचा इतिहास शिकवताना अशा गोष्टींपासून जरा सावध राहिलेले बरे.

विदरिंगचे मोठेपण वनस्पती ओळखण्यात आहेच; पण त्याहून अधिक ते पुढच्या दहा वर्षांच्या कामात आहे. तो गरीब रोग्यांना विनामूल्य सल्ला देत असे. त्यांच्यावर आणि आपल्या इतर रोग्यांवर त्याने हे औषध वापरले आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. १७८५ साली त्याने फॉक्सग्लव्हवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दीडशेहून अधिक रोग्यांच्या हकिगती आहेत. ज्यांना गुण आला त्यांच्या आहेत, तशा ज्यांना आला नाही त्यांच्याही आहेत. यशाच्याच कथा छापण्याच्या त्या काळात हे विशेषच म्हणायला हवे.

पुस्तक लिहिण्याचे कारणही त्याने स्पष्ट दिले आहे. औषधाची कीर्ती पसरू लागली होती आणि इतर वैद्य ते बेसुमार मात्रेत देऊ लागले होते. आपला अनुभव अपुरा असला तरी तो लोकांसमोर ठेवावा, नाहीतर बेफिकीर वापराने माणसे मरतील, अशी त्याची भीती होती. म्हणजे औषधाच्या इतिहासातला हा महत्त्वाचा ग्रंथ जन्मला तो सुरक्षिततेच्या काळजीतून.

थांबायचे केव्हा?

विदरिंगसमोरची अडचण आपण नीट समजून घेऊ. त्याच्याजवळ शुद्ध रसायन नव्हते. होते ते झाडाचे पान. पानातला औषधी अंश ऋतूप्रमाणे, झाडाच्या वयाप्रमाणे, वाळवण्याच्या रीतीप्रमाणे बदलतो. म्हणून त्याने पाने तोडण्याची वेळ ठरवली: फुले येण्याच्या सुमारास. काढ्याऐवजी वाळलेल्या पानांची पूड वापरली. प्रौढांसाठी एक ते तीन ग्रेन, म्हणजे साधारण ६५ ते १९५ मिलिग्रॅम पूड, दिवसातून दोनदा, असे प्रमाण बांधले.

तरीही एका रोग्याला पुरेशी असलेली मात्रा दुसऱ्याला जास्त होऊ शकते, हे त्याने पाहिले होते. मळमळ, उलट्या, धूसर दिसणे, वस्तू पिवळ्या किंवा हिरव्या दिसणे, नाडी मिनिटाला ३५ इतकी मंद होणे, घेरी आणि शेवटी मृत्यू, अशी विषबाधेची लक्षणे त्याने नोंदवली आहेत. आजच्या पाठ्यपुस्तकातली यादी याहून फार वेगळी नाही.

यातून त्याने काढलेला नियम असा: औषध देत राहावे, पण मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कोणावरही त्याचा परिणाम दिसू लागताच ते थांबवावे. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. आधीच्या मात्रेचा परिणाम दिसण्यापूर्वीच पुढच्या मात्रा भराभर दिल्या, तर औषध थांबवल्यानंतरही त्रास वाढत जातो.

या नियमात मात्रा कागदावर ठरत नाही, ती रोग्याच्या खाटेपाशी ठरते. औषध देणे आणि रोग्याकडे पाहत राहणे ही दोन कामे नाहीत, एकच काम आहे. या लेखाचा सगळा इतिहास म्हणजे हा एक नियम वारंवार कसा विसरला गेला आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा कसा शिकावा लागला, याची हकिगत आहे.

मिनिटाचे घड्याळ

नाडी पाहणे जुनेच. आपल्याकडचे वैद्य आणि हकीम, चीनमधले वैद्य, ग्रीक वैद्य, सगळे नाडी पाहत. तिची गती, जोर, भरीवपणा यांवरून निदान करत. पण नाडी घड्याळ लावून मोजणे ही वेगळी गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या लिचफील्ड गावच्या सर जॉन फ्लॉयरने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ तयार करून घेतले आणि १७०७ साली नाडीच्या मोजणीवर पुस्तक लिहिले. मिनिटकाटासुद्धा तेव्हा घड्याळात नवखा होता. सेकंद दाखवणारे घड्याळ ही तर चैनच होती. त्यामुळे ही पद्धत रुजायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चित्र पालटले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. जर्मनीत कार्ल वुंडरलिशने हजारो रुग्णांच्या तापाच्या नोंदी जमवून १८६८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि खाटेपाशी टांगलेला तापाचा आलेख रुग्णालयात आला. त्या आलेखावर टिंब देणारा हात बहुतेक वेळा परिचारिकेचा असे. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येऊन जात. रात्रंदिवस रुग्णाजवळ असे ती परिचारिका. गणवेशावर टाचलेले सेकंदकाट्याचे घड्याळ हे तिचे साधन झाले. गोळी रोखण्याचा अधिकार कोणी दिला, या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते: ज्याच्या हाती मोजमाप आहे, त्याच्याकडेच ती जबाबदारी जाते.

पान, बेडूक आणि मांजर

इकडे डिजिटॅलिसचे काय झाले? विदरिंग १७९९ साली वारला. त्याच्या मागोमाग त्याची सावधगिरीही गेली. क्षयापासून न्यूमोनियापर्यंत नाना रोगांवर हे औषध मोठ्या मात्रेत वापरले गेले. ते नेमके कोणासाठी आहे हे कळायला विसावे शतक उजाडले. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमधल्या बर्नली या गावी व्यवसाय करणाऱ्या जेम्स मॅकेन्झीने नाडीचे आलेख काढणारे यंत्र बनवले. ज्यांची नाडी पूर्णपणे अनियमित आणि जलद चालते, त्यांना डिजिटॅलिसचा विशेष गुण येतो, असे त्याला दिसले. या विकाराला आज आपण एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. डिजिटॅलिस वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारे संदेश कमी करते, त्यामुळे हृदयाला भरायला वेळ मिळतो.

परिचारिकेने मनगटाऐवजी छातीवर स्टेथोस्कोप लावून, पूर्ण एक मिनिट ठोके का मोजायचे, याचे कारणही इथेच आहे. अनियमित हृदयाचे काही ठोके इतके दुबळे असतात, की त्यांची लाट मनगटापर्यंत पोहोचतच नाही. छातीवर नव्वद आणि मनगटावर सत्तर, असे होऊ शकते. शिवाय ठोक्यांमधले अंतर सारखे नसल्याने पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे फसवे ठरते.

औषधाची ताकद मात्र अजूनही पानावरच अवलंबून होती. ती मोजण्यासाठी प्राण्यांचा आधार घ्यावा लागला. १९१० साली अमेरिकेत हॅचर आणि ब्रॉडी यांनी 'मांजर एकक' सुचवले: एक किलो वजनाच्या मांजराचे हृदय बंद पाडायला लागणारे औषध म्हणजे एक एकक. बेडकांवरच्या चाचण्याही होत्या. औषधाचे माप विषाच्या मापाने करावे लागत होते, यावरूनच त्याच्या धोक्याची कल्पना यावी.

१९३० साली सिडनी स्मिथ या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने डिजिटॅलिसच्या लोकरी पानांच्या जातीपासून डिगॉक्सिन हा शुद्ध स्फटिकी पदार्थ वेगळा केला. आता पानांची कटकट संपली. नेहमीच्या गोळीत ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम डिगॉक्सिन असते. साखरेच्या एका दाण्याचे वजनही याहून जास्त भरेल!

हे औषध काम कसे करते, हेही पुढे उलगडले. शरीरातल्या पेशींच्या पटलावर सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ साली त्याचा शोध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याला १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. डिगॉक्सिन हाच पंप अडवते. पेशीत सोडियम वाढते, त्याच्या मागोमाग कॅल्शियम वाढते आणि हृदयाचा स्नायू जोराने आकुंचन पावतो. पंपावरच्या जागेसाठी पोटॅशियम आणि डिगॉक्सिन यांच्यात जणू चढाओढ असते. लघवी वाढवणाऱ्या औषधांनी रक्तातले पोटॅशियम कमी झाले, तर तीच गोळी जास्त चढते. हृदयविकाराच्या रुग्णाला ही दोन्ही औषधे बहुधा बरोबरच दिली जातात. म्हणून नाडीबरोबर रक्तातल्या पोटॅशियमकडेही लक्ष ठेवावे लागते.

रांजणाचे गणित

विदरिंगला दिसलेली दुसरी गोष्ट, म्हणजे औषध थांबवल्यावरही त्रास वाढणे, साध्या गणिताने समजते. वर्गात ते सहज करून दाखवता येईल.

बुडाशी बारीक भोक असलेला रांजण डोळ्यांसमोर आणा. रोज त्यात एक तांब्या पाणी ओतायचे. रांजणात जेवढे पाणी असेल त्याचा एक तृतीयांश भाग रोज गळून जातो. मूत्रपिंडे चांगली असतील तर डिगॉक्सिनचे साधारण असेच होते. पहिल्या दिवशी पाणी ओतल्यावर रांजणात १ तांब्या असेल. दुसऱ्या दिवशी १.६७, तिसऱ्या दिवशी २.११, चौथ्या दिवशी २.४१, असे वाढत सातव्या दिवशी २.८२ होईल. पुढे ते तीनपाशी स्थिरावेल, कारण तीन तांब्यांचा एक तृतीयांश म्हणजे एक तांब्या. जेवढे येते तेवढेच जाते.

आता मूत्रपिंडे अशक्त आहेत आणि रोज एक षष्ठांशच गळते असे समजा. मात्रा तीच, रोज एक तांब्या. पण या वेळी पाणी सहा तांब्यांवर जाऊन स्थिरावेल, म्हणजे दुप्पट! आणि तिथवर पोहोचायला वेळही जास्त लागेल. पहिले तीन-चार दिवस दोन्ही रुग्ण जवळजवळ सारखेच दिसतील. फरक जाणवेल तो नंतर, हळूहळू. पहिल्या गोळीला काही झाले नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही, ते यामुळेच. वृद्ध माणसांच्या मूत्रपिंडांची क्षमता कमी झालेली असते, आणि हे औषध बहुधा वृद्धांनाच लागते.

आपल्याकडे बरेच डॉक्टर डिगॉक्सिन आठवड्यातून पाच दिवस देतात आणि दोन दिवस खंड ठेवतात. रांजण भरून वाहू नये, हाच त्यामागचा विचार. अर्थात गणिताच्या दृष्टीने ती एकूण मात्रेत केलेली घट आहे: सातऐवजी पाच. पण घरी औषध देणाऱ्याला खंडाचे दिवस ठाऊक नसतील, तर ही युक्ती फोल ठरते.

तीच गोळी, सातपट फरक

शुद्ध रसायन हाती आले, मिलिग्रॅमची गोळी आली, तेव्हा प्रश्न सुटला असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही. १९६९ साली टॉमस स्मिथ, व्हिन्सेंट बटलर आणि एडगर हेबर यांनी रक्तातले डिगॉक्सिन मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत सिद्ध केली. एक मिलिलिटर रक्तद्रवात एखादा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जांश भाग, इतके ते सूक्ष्म माप. आणि माप हाती येताच दोन धक्के बसले.

पहिला धक्का १९७१ सालचा. अमेरिकेत बेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, डिजिटॅलिस घेणाऱ्या १३५ रुग्णांची पाहणी केली. त्यांतल्या २३ टक्के रुग्णांना निश्चित विषबाधा झालेली आढळली. दुसराही त्याच वर्षीचा. लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी बनलेली डिगॉक्सिनची चार उत्पादने निरोगी माणसांना दिली. लेबलवरची मात्रा एकच. पण रक्तात उतरलेल्या औषधात सातपटीपर्यंत फरक! गोळीतल्या कणांचा आकार, ती पाण्यात विरघळण्याचा वेग, अशा गोष्टींवर शोषण अवलंबून होते. १९७२ साली ब्रिटनमध्ये गोळी बनवण्याच्या रीतीत बदल झाल्यावर त्याच मात्रेतून रक्तात पूर्वीपेक्षा बरेच जास्त औषध उतरू लागल्याचे आढळले. त्यानंतर गोळ्यांच्या विद्राव्यतेचे नियम कडक झाले.

दोन कारखान्यांच्या गोळ्यांत फरक आहे हे डॉक्टरला ठाऊक नव्हते, औषधविक्रेत्याला नव्हते, परिचारिकेलाही नव्हते. तरीही एक गोष्ट ठाऊक असणे शक्य होते: काल ऐंशी असलेले ठोके आज बावन्नवर आले आहेत. कारण कोणतेही असो, पान जास्त कडक असो, गोळी लवकर विरघळणारी असो, मूत्रपिंड थकलेले असो की पोटॅशियम घटलेले असो, ते शेवटी नाडीत उमटू शकते. एक मिनिटाच्या मोजणीची ताकद ती हीच.

तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. विषबाधेत नाडी नेहमी मंदच होते असे नाही. कधी ती जलद होते, कधी नव्यानेच अनियमित होते. म्हणून आकड्याबरोबर लय पाहावी लागते. रुग्णाला जेवण नकोसे झाले आहे का, मळमळते का, दिसण्यात काही फरक पडला आहे का, हेही विचारावे लागते.

दशांश चिन्हाचा प्रताप

आता गणिताच्या शिक्षकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. बाळांसाठी डिगॉक्सिनचे पातळ औषध मिळते. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम औषध असते. समजा, एका बाळाला एका वेळी २० मायक्रोग्रॅम द्यायचे आहे. २० ला ५० ने भागले की ०.४ मिलिलिटर. दशांश चिन्ह एक घर सरकले की ४ मिलिलिटर, म्हणजे दहापट औषध. प्रौढाच्या बाबतीत दहापट चूक झाली तर मूठभर गोळ्या समोर येतात आणि कोणालाही शंका येते. बाळाच्या बाबतीत ४ मिलिलिटर म्हणजे एक लहान चमचासुद्धा भरत नाही. डोळ्यांना काही खटकतच नाही!

म्हणून मात्रा लिहिण्याचे काही संकेत ठरले. दशांश चिन्हाआधी शून्य अवश्य लिहावे: नुसते '.५' लिहिले आणि टिंब पुसट उमटले, तर ते ५ वाचले जाते. पूर्णांकानंतर मात्र दशांश चिन्ह आणि शून्य लिहू नये: '१.०' हे १० वाचले जाऊ शकते. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली अशा धोकादायक लेखनपद्धतींची यादीच रुग्णालयांना बंधनकारक केली. बाळाची मात्रा दोघांनी एकमेकांना न दाखवता स्वतंत्रपणे काढायची आणि मग उत्तरे ताडून पाहायची, ही रीतही यातूनच आली. आपण वर्गात 'ताळा करून पाहा' म्हणतो, त्याचेच हे रूप.

पाच 'योग्य' आणि सहावे

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ: नर्सिंगच्या शिक्षणात हे पाच 'योग्य' शिकवले जातात. पुढे त्यांत योग्य नोंदीची आणि इतर गोष्टींची भर पडली. यादी उत्तमच आहे. पण ती काय साधायचे ते सांगते, कसे साधायचे ते सांगत नाही. एकाच परिचारिकेकडे तीस-चाळीस रुग्ण असतील आणि दर दोन मिनिटांनी कोणी हाक मारत असेल, तर पाठ केलेली यादी कितपत उपयोगी पडणार?

याचे मोजमाप झाले आहे. १९६२ साली फ्लोरिडात बार्कर आणि मॅकॉनेल यांनी औषधे दिली जात असताना शेजारी उभे राहून प्रत्यक्ष निरीक्षण केले. रुग्णालयाच्या दप्तरात नोंदलेल्या चुकांपेक्षा कितीतरी अधिक चुका त्यांना दिसल्या. चूक नोंदवली की शिक्षा, अशी रीत असली की दप्तर स्वच्छ राहते. रुग्ण मात्र सुरक्षित राहत नाही. ऑस्ट्रेलियात वेस्टब्रुक यांच्या गटाने २०१० साली दाखवून दिले, की औषध देताना येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुकीचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. म्हणून काही रुग्णालयांत औषध देणारी परिचारिका 'मध्येच बोलू नका' अशी पाटी असलेला अंगरखा घालते.

अमेरिकेतल्या टोपेका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात स्यू किनिक या परिचारिका होत्या. १९९२ साली भाड्याची मोटार परत करताना तिथल्या कर्मचाऱ्याने हातातल्या यंत्राने पट्ट्यांची खूण वाचून नोंद केलेली त्यांनी पाहिली. मोटारीसाठी हे होते, तर औषधासाठी का नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यातून रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचे वेष्टन यंत्राने ताडून पाहण्याची पद्धत उभी राहिली आणि पुढे जगभर गेली. बॉस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या २०१० सालच्या अभ्यासात, वेळेच्या चुका वगळता इतर चुका या पद्धतीने ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. त्या शून्यावर आल्या नाहीत, हेही लक्षात ठेवायचे. शिवाय हे यंत्र पाच 'योग्य' तपासते. ठोके बावन्नवर आले आहेत हे त्याला दिसत नाही. विदरिंगचा नियम, म्हणजे परिणाम पाहून मग पुढची मात्रा, हे सहावे 'योग्य' अजून माणसाकडेच आहे.

आपल्या अंगणात

आपल्याकडे फॉक्सग्लव्ह रानात उगवत नाही. पण त्याचे रासायनिक भाऊबंद दारात उभे असतात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांत हृदयावर तसाच परिणाम करणारी द्रव्ये असतात. बिट्ट्या गोळा करून खेळणाऱ्या मुलांना त्या तोंडात घालू नका असे सांगायला हवे; कोणी खाल्लीच तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठायला हवे. डिगॉक्सिनच्या विषबाधेवर मेंढ्यांच्या प्रतिपिंडांपासून बनवलेला उतारा १९७६ साली प्रथम माणसात वापरला गेला. तोच उतारा बिट्टीच्या विषबाधेवरही चालतो, हे श्रीलंकेतल्या २००० सालच्या चाचणीने सिद्ध झाले. त्याची किंमत मात्र गरीब देशांना परवडणारी नाही.

आणि डिगॉक्सिनचे आज काय स्थान आहे? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ६,८०० रुग्णांच्या चाचणीत दिसले, की त्याने रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी येते, पण मृत्यूंचे प्रमाण घटत नाही. त्याच आकड्यांच्या पुढच्या विश्लेषणात कमी पातळी बरी आणि जास्त पातळी घातक असे आढळले. नवी औषधे आल्याने त्याचा वापर घटला, तरी तो संपलेला नाही. २०२५ साली डिजिटॉक्सिन या त्याच्या जवळच्या नातलगाचा हृदय दुबळे झालेल्या रुग्णांना फायदा होतो, असे एका युरोपीय चाचणीत दिसले. ऱ्हुमॅटिक तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही आहेत; त्यांतले कित्येक रोज ही गोळी घेतात, तीही घरी. म्हणजे खाटेपाशी असायची ती परिचारिका आता कोणाची सून आहे, कोणाचा मुलगा आहे, कदाचित आपलाच नववीतला विद्यार्थी आहे.

त्याला एक मिनिट नाडी मोजायला शिकवणे अवघड नाही. वर्गात प्रत्येकाला शेजाऱ्याची नाडी आधी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायला सांगा, मग पूर्ण मिनिट मोजायला सांगा. पंधरा सेकंदांत एका ठोक्याची चूक झाली, तर उत्तरात चारांचा फरक पडतो, हे त्यांचे त्यांनाच कळेल. मग दहा उठाबशा काढून पुन्हा मोजायला सांगा. आकडे तारीख-वेळ घालून वहीत लिहून ठेवायला सांगा. घरात कोणी हृदयाचे औषध घेत असेल, तर नाडी किती झाली म्हणजे डॉक्टरांना विचारायचे, हे त्या डॉक्टरांकडूनच कागदावर लिहून घ्यावे. आपल्या मनाने औषध बंद करू नये, तसे आपल्या मनाने वाढवूही नये.